पुलावर दिलेला हात

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. आमच्या मेलेल्या म्हशीची शपथ. आता ती म्हैस जिवंत होती तेव्हाही मी तिची शपथ खोटी घेतली होती, आणि ती त्यानंच मेली असं आमची बायको म्हणते, म्हणून शपथ मागं घेतो. गोष्ट सगळी खरी नाही. एक तुकडा माझ्या पदरचा आहे. कोणता, ते शेवटी कबूल करीन. तोवर भुताला खोटं धरून चाला, हरकत नाही. पोरंही तेच धरून चालली होती.

पोरं म्हणजे वऱ्हाडातली. यंदाच्या फेब्रुवारीत आमच्या पांगरटोल्याला लग्न होतं. पांगरटोला वाघ नदीच्या काठावर, गोंदिया जिल्ह्यात. नकाशात शोधत बसू नका. सापडलाच तर तो दुसरा. नवरी पुष्पांजली, माझा शेजारी चंद्रकुमार याची पुतणी. वऱ्हाड बोदलकशाकडचं. रात्री जेवणं उरकली, डीजे बंद पडला, आणि मोनू व हिमांशु नावाची दोन पोरं मांडवामागं माझ्या शेकोटीला येऊन बसली.

तेवढ्यात चंद्रकुमार चहाचा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन आला. चुलीवरून उतरवलेला, उकळी अजून मोडलेली नाही. फडकं नाही, सांडशी नाही. उजव्या हातानं गंजाची कड धरलेली, जशी आपण पोराची बोटं धरतो. आमचे पेले भरले, "साखर कमी असेल तं सांगा" म्हणाला आणि गेला.

"पाह्यलं का बे?" मोनू हिमांशुला म्हणाला. "हात आहे का तवा?"

"त्या हाताले गरम लागत नाही," मी म्हणालो. "थंडंही नाही. तीन वर्षं झाली."

"काऊन? लकवा मारला काय काका?"

"लकव्यात हात उचलत नाही बाप्पा. हा तं उचलून राहिला."

हिमांशु डी. फार्मसी करतो. त्यानं नसा, शुगर, असलं काहीतरी काढलं. मी म्हणालो, गोंदिया झालं, नागपूर झालं, सुया टोचून झाल्या. कागद चांगले आहेत. हात तेवढा नाही.

"मग?"

"मग काय? नवरीच्या घरची गोष्ट आहे. सकाळी वरातीत बोंबललात तर नवरदेवासकट परत पाठवीन."

मोनूनं लगेच आईची शपथ घेतली. माझ्यासारखाच दिसला.

आधी पूल समजून घ्या. त्याशिवाय हात समजायचा नाही.

आमच्या गावावरून छोटी लाईन जायची. इंग्रजांच्या वेळची, अडीच फुटी. वाघ नदीवर तिचा लोखंडी पूल. पहिल्याच पावसाळ्यात नदीनं म्हणे दोन खांब गिळले, तेव्हा साहेबानं गावच्या म्हाताऱ्यांना विचारून नदीला नारळ दिला. नारळ फोडताना साहेबाचं बोट फुटलं आणि नदीला रक्तही मिळालं. म्हणून पूल टिकला. हे मी पाहिलेलं नाही, पण साहेबाचं बोट मी गोष्टीगणिक वेगळं फोडतो. गाडी पुलावर इतकी हळू चढायची की डब्यातून उतरून, नदीवर जाऊन, हातपाय धुऊन परत त्याच डब्यात बसता यायचं.

"फेकून राहिले काका," मोनू म्हणाला.

"हे फेकून राहिलो. पुढचं नाही."

गावाची अर्धी शेती नदीपलीकडं. धानाच्या बांध्या तिकडं, बैल इकडं, त्यामुळं सगळं गाव पुलावरून पायी ये-जा करायचं. पूल अरुंद. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून पाय टाकत जायचं, खाली थेट पाणी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला पाठमोरं परतावं लागे. म्हणून जुन्या माणसांनी रेल्वेचीच रीत उचलली. एकेरी लाईनीवर ड्रायव्हरला स्टेशनातून लोखंडी गोळा मिळायचा. गोळा हातात असेल त्याचीच गाडी पुढं. आमच्याकडं गोळा कुठला? आम्ही हात द्यायचो.

रीत अशी. पुलाच्या टोकाशी यायचं आणि हाक मारायची, "होऽऽ पूल!" कुणी पुलावर असेल तर तो मधून ओरडणार, "मी पुलावर!" मग आपण म्हणायचं, "ये, मी थांबलो," आणि खरंच थांबायचं. तो येणार, उतरणार, थांबलेल्याच्या हातात हात देणार आणि म्हणणार, "पूल सुटला." मग आपली पाळी. अंधारात, धुक्यात, पावसात माणूस दिसत नाही, पण हात तर लागतो. पुलावर असलेल्याला सोडून कुणी निघून गेला असं आमच्या गावात कधी झालं नाही. भावाभावांची कोर्टकचेरी चालायची, पण पुलावर हात द्यायचेच. दिला की पुढं पुन्हा शिव्या.

पुढं मोठी लाईन झाली. तिचा नवा पूल वरच्या अंगाला बांधला. छोटी गाडी बंद पडली, रूळ उचलून नेले. पण जुना पूल राहिला, आणि रीतही राहिली.

आता दोन हजार वीस सालचा पूर. ऑगस्टचे शेवटचे दिवस. चंद्रकुमारचा धाकटा भाऊ उमेंद्र, म्हणजे आजच्या नवरीचा बाप, पलीकडं पाण्याची मोटार वर काढून ठेवायला गेला होता. संध्याकाळी त्याची माय सुभद्राबाई अलीकडच्या टोकाशी गेली. नदी लाल होऊन पुलाच्या पोटाला लागली होती. बाईनं हाक दिली. मधून उमेंद्र ओरडला, "मी पुलावर!" बाई म्हणाली, "ये, मी थांबली."

आणि पुलाचा मधला गाळा, दोन खांबांमधला तुकडा, गेला. खांबासकट. लोखंडानं भरलेला ट्रक उलटावा तसा आवाज आला म्हणतात. मी गावात होतो, मला तो मेघाचा गडगडाट वाटला.

उमेंद्र सापडला नाही. खाली दूरपर्यंत बोटी फिरल्या.

सुभद्राबाई रडली नाही. एक थेंब नाही. तिची सून शामकला, उमेंद्रची बायको, ऊर बडवून बेशुद्ध पडायची, आणि ही तिच्या तोंडावर पाणी मारून परत तांदूळ निवडायला बसायची. निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची. कुणी म्हणालं, बाई, मोकळी हो. तर म्हणाली, "रडू कायले? तो पुलावर आहे म्हणाला. अजून उतरला कुठं?"

तेव्हापासून रोज दिवस बुडताना ती पुलाच्या टोकाशी जायची. हाक मारायची. थोडं बसायची. परत यायची. ती म्हणायची, उत्तर येतं. दुसऱ्या कुणाला ऐकू आलं नाही. गावानं तो पूल सोडला. मधला गाळाच नव्हता, जाणार कुठं?

घरचा घोर वेगळाच होता. देह न सापडलेल्या माणसाचा पळसाच्या पानांचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात, मग तेरवी. बाई करू देईना. "जित्याचा पुतळा जाळाल तं पहिले मले जाळा." आता बापाची तेरवी न झालेल्या घरात सोयरीक कोण करणार? पुष्पांजलीला दोन स्थळं आली आणि ओट्यावरून परत गेली. चंद्रकुमार मधोमध. इकडं माय, तिकडं पुतणी. दोघींचं त्याच्याशिवाय कुणी नाही.

आणि पुलाचा लिलाव झाला. ठेकेदाराची माणसं आली, पुलाच्या टोकाशी गॅसचे सिलिंडर ठेवून गेली. उद्या कापायला लागणार.

ती रात्र सांगतो. दोन हजार तेवीस, वीस जानेवारी, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी पौष अमावस्या.

बाई संध्याकाळी गेली ती जेवणवेळ झाली तरी आली नाही. शामकलानं चंद्रकुमारला सांगितलं, "भाऊजी, मायले घेऊन या. भात थंडा होऊन राहिला." एवढंच काम. भात थंड होतोय. तो बॅटरी घेऊन निघाला. मी ओट्यावर बिडी ओढत होतो. मला म्हणाला, "येतोच भोजू. मायले आणतो."

धुकं उतरलं होतं. बॅटरीचा उजेड हातभर जाऊन परत यायचा.

बाई टोकाच्या दगडावर बसली होती. शेजारी सिलिंडर.

"माय, चाल. शामकला वाट पाहून राहिली."

"उद्या कापतील म्हणतात."

"हो."

"मग तो उतरंल कुठून?"

चंद्रकुमार तिच्यासमोर उकिडवा बसला. "माय, मधला गाळा नाही. तिथं पूलच नाही."

"मले माहीत आहे. म्हणूनच तं त्याले वेळ लागून राहिला."

चंद्रकुमार मला म्हणाला होता, भोजू, मला तेव्हा राग आला नाही, दया आली नाही, काहीच आलं नाही. दातात सुई दिल्यावर जसं गाल आपला वाटत नाही, तसं सगळंच. तो म्हणाला, "बरं. एकदा हाक मार. माझ्यासमोर मार. उत्तर नाही आलं तं घरी चालायचं, आणि परवापासून त्याचं सगळं करायचं. पुष्पीचा विचार कर."

"आणि आलं तं?"

"आलं तं तू म्हणशील ते."

"त्यानं हात दिला," बाई म्हणाली, "की मी इथं बसणार नाही. वचन."

ती उभी राहिली. पदर सारखा केला. हाक मारली.

"होऽऽ पूल!"

धुक्यात हाक गेली. परत आली नाही.

चंद्रकुमार थांबला. नदीचं पाणी खाली खडकांतून बारीक वाजत होतं. जानेवारीत तेवढंच असतं. घोट्याएवढं. त्यानं बाईच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला.

"…मी पुलावर."

मोठ्यानं नाही. लांबून नाही. थकलेल्या माणसाचा आवाज. बराच वेळ तेच तेच म्हणत असल्यासारखा.

बाई म्हणाली, "ये. मी थांबली."

इथं हिमांशुनं चहाचा पेला खाली ठेवला. मोनू म्हणाला, "काका, कोणी मजाक करत असंल पल्याडून…" आणि शेकोटीकडं सरकला.

"बत्ती बंद कर," बाई म्हणाली. "त्याच्या डोळ्यावर येते."

त्यानं बंद केली. का केली, त्याला आजही सांगता येत नाही.

पाऊल वाजलं.

लाकडावर. स्लीपरवर. त्या पुलावरचे स्लीपर लोकांनी केव्हाच चुलीत घातले होते. नुसतं लोखंड उरलं होतं. पण वाजलं ते लाकूड.

मग दुसरं.

मध्ये खंड पडला. बराच. जिथं गाळा नव्हता, तिथं.

मग पुन्हा वाजलं. अलीकडं.

जवळ आलं. आणखी जवळ. थांबलं.

पाण्याचा वास. नुसता पाण्याचा नाही… पुराचा. कुजका पाला, भिजली माती, मेलेली मासळी.



त्याच्या मनात एकच. मायला इथून न्यायचं. आता. लगेच. मागं पाहायचं नाही. त्यानं अंधारातच उजवा हात पुढं केला.

"माय… हात दे."

हातात हात आला.

थंड. ओला.

त्यानं घट्ट धरला आणि वळला. चालू लागला. बॅटरी कुठं पडली, कळलं नाही. पायवाट ओळखीची. बाभळी. खळं. मारुतीचा पार.

"माय, संभाळून. दगड आहे."

उत्तर नाही.

"माय, पाण्यात हात घातला होता का? इतका थंडा काऊन?"

नाही.

हात आपणहून सोबत येत होता. ओढावा लागत नव्हता. जड नव्हता. थंडी त्याच्या बोटांतून मनगटात चढली. मग बोटं कळेनाशी झाली. मग तळवा. तरी त्यानं सोडला नाही. सोडला तर मायला हरवीन, असं वाटत होतं.

घर आलं. ओट्यावर बल्ब. उजेडात आला. वळला.

हातात कुणी नव्हतं.

बोटं मिटलेली. मुठीत जागा धरलेली. हातापुरती. आत कुणी नाही.

शेकोटीत लाकूड फुटलं तर मोनू टुणकन उडाला. दुसऱ्या वेळी मी हसलो असतो. त्या रात्री आपसूक आवाज खाली गेला.

"मग?" हिमांशु म्हणाला. "म्हातारी?"

मग धुक्यातून सुभद्राबाई आली. मागाहून, धापा टाकत, चपला वाजवत. ओट्याशी टेकली आणि म्हणाली, "किती भरभर चालले रे तुम्ही दोघं. मी मांगंच राहिली."

"दोघं?" मोनू म्हणाला.

"दोघं."

बाई आत गेली. स्वतः भात वाढला. एक ताट जास्तीचं वाढलं, थोडा वेळ त्याच्यासमोर बसली आणि मग म्हणाली, "आला तो. उतरला. आता त्याचं सगळं करा." दुसऱ्या दिवशी पूल कापायला लागले, तेव्हा ती आपल्या अंगणात वाल सोलत बसली होती. पळसाचा पुतळा झाला, अग्नी दिला, तेरवी झाली. मी स्वतः बुंदी वाढली. पुढं वरसभरानं म्हातारी झोपेत गेली, सुखानं. आणि चंद्रकुमारचा हात तेवढा तसाच राहिला. थंडी मनगटाशी थांबली. त्याच्या वर चढली नाही, आणि खालीही उतरली नाही.

मोनूनं हळूच आपला उजवा हात शेकोटीवर धरला, उलटा-सुलटा केला. गरम लागतंय का, ते पाहिलं असावं. हिमांशु म्हणाला, "म्हातारीचं बरं झालं मग." मी म्हणालो, "बरंच झालं." दोघं मांडवात जाऊन, लोकांच्या मधली जागा धरून झोपले.

आता कबुली.

पुलाची रीत खरी. उत्तर खरं की नाही, ते चंद्रकुमारला विचारा. मला त्यानं सांगितलं आणि त्याला खोटं बोलता येत नाही. ते खातं गावात माझ्याकडं आहे. हात खरा. तो तुम्ही येऊन पाहा.

माझ्या पदरचं एवढंच, की सुभद्राबाई मागाहून आली.

ती आली नाही.

लग्नघर होतं. नवरीच्या आजीचं असं वऱ्हाडाच्या पोरांना कोण सांगणार? म्हणून मी तिला धुक्यातून आणली, चपला वाजवल्या, वाल सोलायला बसवली, आणि वरसभर जगवलीही. खोटं बोलायचंच तर हात आखडता का घ्या?

खरं असं झालं. त्या रात्री चंद्रकुमारनं माझं दार वाजवलं. "भोजू," म्हणाला, "माय तुझ्याकडं आली का?" उजवा हात पुढं धरलेला, बोटं अर्धी मिटलेली. त्याला ती उघडता येत नव्हती. मी एकेक करून उघडली. तळव्यात लाल गाळ होता. पुराचा. जानेवारीत वाघ नदी काचेसारखी असते. तिच्यात गाळ कुठला?

मला तिथंच समजलं. आमच्या गावातल्या कुणालाही समजलं असतं. एक त्यालाच समजलं नव्हतं, कारण हात त्याच्या हातात आला होता. पूल सुटला होता. आणि पूल सुटला की थांबलेल्याची पाळी असते. ती तीन पावसाळे थांबली होती.

आम्ही धावलो. मी हाक मारली नाही. मारायची हिंमत झाली नाही. उत्तर आलं असतं तर मी काय म्हणणार होतो? सकाळी कापायला आलेल्या माणसांनी तिला पाहिलं, तुटलेल्या गाळ्याखाली, खडकांवर. पदर डोक्यावरून सारखा घेतलेला होता.

तेरवी झाली हे खरं. बुंदी मी वाढली हेही खरं. फक्त एकाच मांडवात दोघांची होती. चंद्रकुमार तेव्हाही रडला नाही. आईवर गेला.

शेकोटीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बिदाई. पुष्पांजली सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आणि शेवटी काकाचा उजवा हात दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तो रस्त्याकडं पाहत होता. मोनूनं गाडीचं दार उघडलं, गाणं लागलं, गाडी निघाली, वळणावरच्या धुळीत दिसेनाशी झाली. बायका डोळे पुसत घरात गेल्या. तो तसाच उभा. हात पुढं, बोटं अर्धी मिटलेली.

मी जवळ गेलो.

"भोजू," त्यानं हळूच विचारलं, "तिनं सोडला का?"